मुखवटे फोडू नयेत

मी, खाली सही करणारी, डॉक्टरसाहेबांची थोरली सून, व्यवसायाने मुद्रितशोधक, आता निवृत्त, वय ऐंशीच्या पलीकडे, हे मृत्युपत्र माझ्या मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कानांनी कमी ऐकू येतं, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही. नात म्हणते की आजीला नको असतं तेवढंच ऐकू येत नाही. तेही खरं धरावं. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही. गोडीगुलाबीने जुनाच कागद कायम ठेवायला लावायचा प्रयत्न मात्र झाला, तो कोणी केला ते पुढे सांगते.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते या कागदाने रद्दबातल समजावं. त्यात मी लिहिलं होतं की माझ्यामागे बैठकीतले सगळे मुखवटे अंगणात नेऊन फोडावेत आणि चुरा खड्ड्यात घालून वर माती लोटावी. आता लिहिते की फोडू नयेत. एकाही मुखवट्याचा टवका उडता कामा नये. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात कारणं देत नाहीत. द्यायचं ते द्या आणि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, बाई, कारण न देता हुकूम सोडणाऱ्या घरात मी जन्म काढला, आता जाताना तरी कारणं देऊ दे. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मला आणखी कागद दिले.

कलम १. घर. हे घर सासऱ्यांकडून आमच्या ह्यांना आणि ह्यांच्याकडून मला आलं. धाकट्या दिरांना सासऱ्यांची व्याख्यानं व्हायची ती इमारत आणि तिच्यामागची जागा मिळाली होती, ती त्यांनी केव्हाच विकून टाकली. तेव्हा वाटणी पूर्ण झाली आहे, पुतण्याने पुन्हा उकरून काढू नये. हे संपूर्ण घर, तळमजला, माडी, जिना आणि गळकी गच्ची यांसह, मी माझ्या नातीला देते. खालच्या शिंप्याला त्याचे हात चालतात तोवर दुकान सोडायला सांगू नये. भाडं वाढवू नये. तो बोलून डोकं खातो, पण माझा मुलगा लहान असताना या गल्लीत त्या पोराला गल्ल्याजवळ बसू देणारं ते एकच दुकान होतं. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो. नातीला हे माहीत आहे, पण कोर्टाचा माणूस मोजदादीला आला तर भिजेल, म्हणून लिहिलं.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते नातीचं. माझी तांबडी पेन्सिल, पट्टी आणि शब्दकोश छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना दिले असते, पण ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकीलबाई सांगतात. तेव्हा जुळारीबुवांनी मनाला लावून घेऊ नये. माझं भिंग मी पुतण्याला देते. चांगलं जड भिंग आहे. बारकाईने बघायला उपयोगी पडेल, बघायचं असेल तर.

कलम ३. मुखवटे. बैठकीच्या तिन्ही भिंतींवर प्लास्टरचे मुखवटे आहेत. जिवंत माणसांच्या तोंडावर प्लास्टर थापून काढलेले. प्रत्येकाखाली सासऱ्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी. खिसेकापू. खोटारडी. जन्मजात आळशी. समोरच्या भिंतीवर न्यायाधीश, मुख्याध्यापक, पेढीवाले, आणि त्यांच्याखाली 'सचोटी', 'धैर्य', 'विश्वासू'. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांची धूळ झटकायचं काम माझ्याकडे. मी त्यांना माझी नावं ठेवली होती. खोटारडीला मी मावशी म्हणायची, कारण ती माझ्या मावशीसारखी दिसायची आणि माझी मावशी उभ्या जन्मात खोटं बोलली नव्हती.

सासऱ्यांनी तरुणपणी एका जाड ग्रंथात वाचलं की माणसाचा स्वभाव त्याच्या चेहऱ्याच्या हाडांत लिहिलेला असतो. चोर जन्मतःच चोर असतो आणि मोजपट्टी लावली की चोरी करण्याआधीच ओळखू येतो. त्यांना ते पटलं. डॉक्टरसाहेब दुष्ट नव्हते, हे लिहायला मला फार वर्षं लागली. पैसे नसलेल्याच्या दाराशी स्वतः औषध घेऊन जायचे. गुन्हा होण्याआधीच ओळखला तर जगातली निम्मी दुःखं टळतील असं त्यांना मनापासून वाटायचं. दुष्ट माणसाला कोणीतरी अडवतं तरी. यांना सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली.

तुरुंगातून माणसं आणून त्यांनी मुखवटे केले, चेहरे मोजले आणि तक्ता बनवला. अमुक जबडा म्हणजे अमुक माणूस. नवी सून असताना एकदा जेवायला वाढताना मी धीर करून विचारलं होतं, "तो कोपऱ्यातला 'भावी दरोडेखोर', त्याने काय केलं होतं?"

"बाकावर झोपलेला सापडला."

"पण केलं काय होतं?"

"अजून काही नाही." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, जणू मी फार चांगला प्रश्न विचारला होता. "म्हणूनच तर तो नमुना मोलाचा आहे."

तक्ता छापला गेला. शाळांत लागला. मास्तर त्यावरून पोरांना बाक ठरवून द्यायचे, जबडेवाले मागे, सैल चेहऱ्याचे पुढे. मागच्या बाकावरच्याला फळा दिसायचा नाही, मग त्याला उत्तर यायचं नाही, मग मास्तर म्हणायचे, बघा, तक्ता काय चुकीचा आहे? पोलिस ठाण्यात लागला. गिरणीच्या दारात लागला. पुढे तर शाळेच्या पुस्तकात धडाच आला, आणि तो तपासायला माझ्याच टेबलावर. मी समासात लिहिलं, हे खोटं आहे. संपादकांनी मला बोलावून घेतलं. "बाई, मजकुरातल्या चुका काढायचं काम तुमचं नाही. अक्षरातल्या काढा." त्या संपादकांना मी माफ केलेलं नाही, आणि या कागदानेही करत नाही.

मग विद्यापीठात नवी माणसं आली. त्यांनी पुन्हा मोजून पाहिलं आणि ती हसली. धडा गेला, तक्ते उतरले, सासऱ्यांची तिथली खुर्चीही गेली. लोकांना वाटलं, संपलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्या बाकांवर बसलेली पोरं मोठी होऊन साहेब झाली होती. नोकरीला माणूस घेताना ती म्हणायची, "कागद ठीक आहेत हो, पण तोंडावरून काही बरा वाटत नाही." कुठे शिकले हे? विचारलं तर म्हणतील, अनुभव.

माझ्या मुलाचा जबडा माझ्यावर गेला होता. तो लहान असताना एक दिवस डॉक्टरसाहेबांनी त्याची हनुवटी दोन बोटांत धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि काही न बोलता सोडून दिली. त्या दिवसापासून तो खोलीत आला की सासूबाई उठून कपाटाला कुलूप घालायच्या. घरातून कधी काही गेलं नाही. त्याला कोणी कधी चोर म्हटलं नाही. फक्त कुलूप. एकदा त्याने मला विचारलं, "आई, मी आलो की कपाट का वाजतं?" मी सासूबाईंशी भांडले. ह्यांच्याशी भांडले. हे म्हणाले, "बाबांचं आयुष्य गेलं त्यात, आता तू त्यांना शिकवणार?" मिसरूड फुटायच्या आत पोरगा घर सोडून बंदरावर हमालीला गेला. तिथेच लग्न केलं. मुलगी झाली, बाळंतपणाला शेजारच्या सुईणीला मीच घेऊन गेले होते, आणि मुलगी चालायला लागायच्या आत मालाची पेटी अंगावर पडून तो गेला. त्याची बायकोही फार टिकली नाही. ती मुलगी म्हणजे माझी नात.

माझा मुलगा चोर नव्हता. हे वाक्य मृत्युपत्रात घालता येतं का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घाला.

कलम ४. माझा मुखवटा आणि धाकट्या जावेचा मुखवटा. दोन्ही दाराच्या उजव्या हाताला, शेजारी शेजारी आहेत. या घराची रीतच होती की सून ठरली की लग्नाआधी तिच्या चेहऱ्याचा साचा काढायचा. माझ्याखाली लिहिलं आहे, 'हट्टी. संशयी. किल्ल्या देऊ नयेत.' माझ्यामागून दोन वर्षांनी धाकटी आली. तिच्याखाली, 'शालीन. विश्वासू.' घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या. कानामागून आली अन् तिखट झाली! पुढची कित्येक वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी फक्त मीठ आणि रॉकेल एवढ्यापुरत्या बोललो. ती हसरी होती, सगळ्यांना आवडायची, आणि मी मनात म्हणायची, हसेल नाही तर काय, कमरेला किल्ल्या आहेत.

मुलगा घर सोडून गेला त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी मी मुखवटे पुसत होते. धाकटी दारात येऊन उभी राहिली आणि काय सुचलं कोण जाणे, म्हणाली, "ताई, तुमचा साचा घेताना सासूबाईंनी कुठलं गाणं म्हटलं होतं?"

"गाणं?"

"माझ्या वेळी हात धरून बसल्या होत्या की. खुर्चीत गादी घातली होती. कोमट पाणी. मला तर मेली झोपच लागली."

"मला टेबलावर उताणी निजवली होती," मी म्हटलं. "गार पाणी. हनुवटीखालून पट्टा. नाकात नळ्या घालून वरून प्लास्टर ओतलं. मला वाटलं, मेले."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग हळूहळू उलगडलं. तिचे वडील पेढीवाले, तिच्याबरोबर आले होते आणि म्हणाले, कैद्यांच्या टेबलावर माझी मुलगी निजणार नाही. म्हणून खुर्ची आली. माझे वडील शाळेतले शिपाई, ते बाहेर पायरीवर बसून राहिले. आम्ही दोघींनी दोन्ही मुखवटे खाली काढले आणि उजेडात धरले. माझ्या हनुवटीखाली पट्ट्याचा वण स्पष्ट. तिच्या नाही. मग आम्ही एकेक उतरवत गेलो. खिसेकापू, वण. आळशी, वण. माझी मावशी, वण. न्यायाधीश, नाही. मुख्याध्यापक, नाही. भीतीने आक्रसलेल्या भुवया, श्वासासाठी घट्ट मिटलेले ओठ आणि पट्ट्याने पुढे ढकललेला जबडा, एवढंच त्या चोरांच्या भिंतीवर होतं. त्यावर शाळा चालल्या होत्या. धाकटी जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी हसायला लागले. मग आमची अदलाबदल झाली.

डॉक्टरसाहेब तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, पण डोकं खणखणीत. आम्ही दोन्ही मुखवटे त्यांच्यापुढे नेले आणि वण दाखवला. मला वाटलं होतं, म्हातारा हबकेल.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पट्टा मीच शिवून घेतला होता. घाबरल्यावरच माणसाचा खरा चेहरा बाहेर येतो."

"आणि धाकटीचा?"

"तिला घाबरायचं काही कारण नव्हतं. हेच तर तिचं लक्षण."

त्या उत्तराला कुठून हात घालणार? चहूबाजूंनी बंद. त्या संध्याकाळी धाकटीने कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. ती गेली तोवर आम्ही एकमेकींना सोडून जेवलो नाही. हे तिच्या मुलाला माहीत असावं म्हणून लिहिते.

कलम ५. तिचा मुलगा, माझा पुतण्या. हुशार आहे, लाघवी आहे, आईचं हसू घेऊन आला आहे. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मागे एकदा तो दोन माणसं आणि मोठाले दिवे घेऊन आला. म्हणाला, "काकू, आजोबांच्या कामाची आठवण म्हणून फोटो काढून ठेवतो. उद्या घर पडलं-बिडलं तर?" प्रत्येक मुखवटा त्यांनी चहूबाजूंनी टिपला, चिठ्ठीसकट. मी त्या सगळ्यांना चहा केला. वर साखरही जास्त घातली.

त्यानंतर दारोदारी त्याच्या कंपनीची, चेहरा पारखणारी काच दिसायला लागली. आधी बँकेत, मग कचेऱ्यांत, मग शाळांच्या फाटकांवर. समोर उभं राहायचं, काचेत बघायचं, दिवा लागतो. माझी नात लहान मुलांची नर्स आहे. तापाने फणफणलेलं पोर तिच्या खांद्यावर शांत होतं, मी बघितलं आहे. मुलांच्या इस्पितळात तिची निवड झाली होती, परीक्षा, मुलाखत, सगळं. रुजू व्हायच्या दिवशी फाटकावरच्या काचेत उमटलं, 'अनुरूप नाही.' तिने कारण विचारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "मशीन कारण देत नाही हो ताई." तिला तिच्या बापाचा जबडा आहे. म्हणजे माझा.

मी पुतण्याला बोलावून घेतलं. तो फळांची करंडी घेऊन आला.

"काकू, मशीन कोणाला चोर म्हणत नाही," तो समजुतीने म्हणाला. "ते फक्त शक्यता सांगतं. निर्णय माणूसच घेतो."

"मग माणसाने काय निर्णय घेतला?"

"माणूस मशीनचं ऐकतो, साहजिकच आहे."

"आणि मशीन कोणाचं ऐकतं?"

"लाखो चेहऱ्यांवरून शिकतं. आपले मुखवटे म्हणजे नुसता पाया. स्वभाव खात्रीने ठरवलेले असे नमुने आता मिळतात कुठे?"

मी उठले, मावशीला भिंतीवरून काढलं आणि तिच्या हनुवटीखालचा वण त्याच्या नाकासमोर धरला. सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. हेच मला जास्त लागलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मशीनला त्या रेघा खोट वाटायच्या. म्हणून आम्ही त्या पुसून घेतल्या. आता सगळे गुळगुळीत आहेत."

नात दारात उभी होती. ती म्हणाली, "आजी, मी आत्ता हातोडा आणते. एकेक फोडते." मीही रागाने म्हटलं, "आण! मृत्युपत्रात लिहिलंच आहे मी. आजच करू."

"खुशाल फोडा," पुतण्या म्हणाला. "मी तर म्हणतो, तुम्ही कशाला दमता, उद्या माणसं पाठवतो. चुराही तेच उचलून नेतील. जुन्या मृत्युपत्रात तुम्ही लिहिलंच आहे ना, मग ते बदलू नका. चांगलं आहे ते." आणि त्याने माझ्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटोत वण नाही. तो फक्त भिंतीवर आहे. मुखवटे फुटले की पट्टा कधी होता हे सांगणारं जगात काहीच उरत नाही, एक मी, आणि मी किती दिवसांची? ज्या रागाने मी ते फोडायला निघाले होते, तो राग त्याच्याच उपयोगाचा होता. हातोडा परत जागेवर गेला.

जाताना तो दाराशी थांबला. त्याच्या आईच्या मुखवट्यावर त्याने हात फिरवला आणि म्हणाला, "काकू, बाकीचं जाऊ दे. आई तेवढी मला द्या." त्या वेळी तो खोटं बोलत नव्हता, त्याचे डोळे भरले होते. आणि मी नाही म्हटलं. तिचा वण नसलेला चेहरा शेजारी नसेल तर माझ्या वणाला काही अर्थ नाही.

कलम ६. तेव्हा सर्व मुखवटे, चिठ्ठ्यांसकट, मी नातीला देते, पुढील अटींवर. ते फोडू नयेत, विकू नयेत, रंगवू नयेत, एकही वेगळा काढू नये. त्यांची हनुवटी वर करून ते टांगावेत, म्हणजे खालून बघणाऱ्याला वण आधी दिसेल. जो कोणी बघायला येईल त्याला बघू द्यावं, चपला बाहेर काढायला लावाव्यात, बाकी काही विचारू नये. नातीने इस्पितळाविरुद्ध तक्रार केली आहे, तिची सुनावणी व्हायची आहे. तिथे मुखवटे मागितले तर गोधडीत गुंडाळून न्यावेत. पुतण्या कधीही आईला भेटायला येऊ शकतो. तो आला तर दार उघडावं आणि चहा द्यावा, हे मी नातीला बजावून सांगते. तिला ते आवडणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

हे मृत्युपत्र तो कोर्टात नेईल याबद्दल मला शंका नाही. म्हातारीचं डोकं फिरलं होतं म्हणेल. कंपनीकडे वकिलांची फौज आहे. हे मृत्युपत्र पडलं तर जुनं पुन्हा उभं राहील, तो त्यातल्या 'फोडावेत'वर बोट ठेवेल आणि दुसऱ्या दिवशी मुखवट्यांचा चुरा झालेला असेल. माझ्या नातीजवळ मग सांगायला फक्त स्वतःचा चेहरा राहील, आणि त्याचं ऐकायला कोणी तयार नाही.

कलम ७. मी गेल्यावर माझ्या चेहऱ्याचा साचा घेऊ नये. फोटोही नको.

कलम ८. हे कलम मी नोंदणी कार्यालयातल्या बाकावर बसून जोडत आहे. दोन्ही साक्षीदार, वकीलबाई आणि नात बरोबर आहेत. काहीही लिहायचं उरलं नव्हतं, पण आता उरलं आहे.

खिडकीतल्या कारकुनाने कागद घेतले आणि म्हणाला, "आजी, इकडे बघा." खिडकीच्या चौकटीत ती काच. गेल्या महिन्यापासूनचा नियम, म्हणाला. मृत्युपत्र करणारा खरं बोलतो आहे की नाही, दडपणाखाली आहे की कसं, ते काच बघते. जिने चढून माझा श्वास लागला होता. मी बघितलं. उमटलं, 'विश्वसनीयता: कमी.'

वकीलबाईंचा चेहरा उतरला. हे पान मृत्युपत्राच्या वर टाचतात, त्यांनी सांगितलं. न्यायाधीशांच्या हाती आधी ते पडतं. कारकून सज्जन होता बिचारा. खिडकीतून पुढे वाकून हळूच म्हणाला, "आजी, पुन्हा एकदा करता येतं. पाणी प्या. चेहरा सैल सोडा, जरा हसा. सगळे तसंच करतात."

"सगळे?"

"म्हणजे, ज्यांना कोणी सांगतं ते."

मी बाकावर बसून विचार केला. हसले नाही तर कागद पडला, मुखवटे गेले. हसले तर काच म्हणेल, बाई खरी आहे, आणि उद्या सुनावणीत कंपनीचा वकील उभा राहून म्हणेल, बघा, आमच्याच मशीनने हिच्या आजीला खरं ठरवलं, म्हणून तर हे मुखवटे इथवर आले, मग मशीन खोटं कसं? इकडे आड, तिकडे विहीर. सासऱ्यांनी बांधलेलं घर असंच आहे, आत शिरायला दारं पुष्कळ आणि बाहेर पडायला एकही नाही.

मी हसले. नातीसाठी हसले, आणि चांगलं तोंडभर हसले. उमटलं, 'विश्वसनीयता: उत्तम.' कारकुनाने टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. माझी स्वतःची मला किळस आली.

मग तो म्हणाला, आता ज्यांना मिळणार आहे त्या ताई. माझी नात काचेसमोर उभी राहिली. मी म्हटलं, "हस गं बाई. एकदाच हस. मीही हसलेच ना."

"नाही आजी."

"दोन क्षणांचं काम आहे ताई," कारकून म्हणाला.

"माहीत आहे मला." आजारी पोराची नाडी बघताना ती जशी बघते, तशी तिने काचेत नजर लावली, ओठ मिटून. दिवा लागला. कारकुनाने पान काढलं, वाचलं आणि आमच्याकडे न बघता टाचणीयंत्र ओढून घेतलं.

तिच्याबद्दल काय उमटलं ते मी इथे लिहीत नाही. ते पान या सगळ्या पानांच्या वर टाचलेलं आहे. हा कागद ज्या कोणाच्या हाती आहे, त्या तुम्ही ते आधी वाचलंत आणि मग माझ्याकडे आलात. माझी नात कशी आहे, हे मी पहिलं अक्षर लिहायच्या आधीच तुमचं ठरून गेलं होतं.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, चुका दुरुस्त केल्या, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: डॉक्टरसाहेबांची थोरली सून

स्थळ: नोंदणी कार्यालय, खिडकीसमोरचा बाक

दिनांक: शिक्क्यावर आहे तो

साक्षीदार पहिले: छापखान्यातले जुळारी, निवृत्त. बाईंनी आमच्यासमोर सही केली. हात कापत नव्हता.

साक्षीदार दुसरी: शेजारची सुईण, निवृत्त. बाईंनी माझ्यासमोर सही केली. ही नात माझ्या हातांवर जन्मली आहे. हे लिहिण्याची जागा नाही असं सांगण्यात आलं, तरी लिहिलं.